पिठातलं खूर

आत्मा हा विषय उन्हाळ्यातला आहे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. याला कारण माझी नोकरी. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत चैत्र-वैशाखाच्या झळा सुरू झाल्या की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येत. ‘आत्म्याचे अमरत्व’ यावर टीप लिहा, हा प्रश्न बहुधा असायचाच. पोरंही बिलंदर. ज्याला काहीच येत नाही तो हा प्रश्न हमखास सोडवी, कारण आत्म्याबद्दल काहीही लिहिलं तरी ते चूक आहे असं मास्तर कोणत्या तोंडाने म्हणणार? मीही गुण देऊन मोकळा होई.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गठ्ठे येत नाहीत, पण उन्हाळा येतो. परवा शेजारची मुलगी परीक्षेला जाता जाता जिन्यात थांबली आणि म्हणाली, "सर, आत्मा असतो की नसतो, एका वाक्यात सांगा ना. पेपरात आलं तर बरं पडेल." मी म्हटलं, "असतो असं लिही. गुण मिळतात." ती हसत जिना उतरून गेली. मी घरात आलो, खिडकी लावून घेतली, माठातलं पाणी प्यायलो, तरी घशाची कोरड काही जाईना. नगरच्या पाट्यांवर आता शहराचं नाव बदललं आहे, रस्ते रुंद झाले आहेत. उन्हाळा मात्र जुनाच आहे, आणि तो मला दर वर्षी धरून नेतो तो पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराखालच्या आमच्या गावात, त्र्याहत्तर सालात.

बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला होता. दिवाळीनंतर विहिरींचे तळ दिसायला लागले आणि त्या तळांना भेगा पडल्या. मी नगरला कॉलेजात होतो, तो घरी परतलो आणि गावाबरोबर तलावाच्या कामावर जाऊ लागलो. सगळा गावच तिथे होता. ज्यांच्या घरी गडी असत तेही घमेली उचलत होते, आणि त्यांचे गडीही. सकाळपासून खडी फोडल्याचा आवाज माळावर घुमत राही. दुपारी सुकडी वाटत. ती गोडसर, कोरडी पूड तळहातावर घेऊन तोंडात टाकली की जीभ टाळूला चिकटे, आणि सोडवायला पाणी मागावं तर पाणी वाढणारी बाई दुसरीकडेच बघे. घरी मिलोची भाकरी. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी दळताना जात्यालाही नकोशी वाटत असावी. भाकरी थापली की कडेने चिरत जाई आणि गिळताना घसा खरवडून निघे. आजही कोणी मला "कशी काय भूक आहे?" असं गमतीने विचारलं, की मला आधी तो तांबूस रंग आठवतो.

आमचे आण्णा शेतकरी, पण पोथी लावणारे. मारुतीच्या देवळात संध्याकाळी ते वाचत आणि मग अर्थ सांगत. शाळा चौथीपर्यंतची, पण वाणी अशी की ऐकणारा माणूस तंबाखू मळायचा थांबे. आत्म्यावर आले की ते मडक्याचा दाखला देत. "मडकं फुटलं म्हंजी आतली पोकळी फुटती का? न्हाई. ती व्हती तशीच ऱ्हाती, फकस्त भाईरच्या पोकळीत मिसळती. मान्साचं तसंच हाय." लोक माना डोलावत. मला त्यांचा अभिमान वाटे, आणि कॉलेजात चार बुकं वाचल्यामुळे थोडं हसूही येई. त्या वर्षी तर हा दाखला भलताच शोभत होता, कारण गावातल्या झाडून साऱ्या मडक्यांत पोकळीशिवाय दुसरं काही नव्हतं. तरी माणसं येत. दिवसभर दगड फोडून, अंगावरची धूळही न झटकता येऊन बसत. आपल्या आत न फुटणारं काहीतरी आहे, हे त्यांना कोणाकडून तरी ऐकायचं असे.

पौषात माझा थोरला भाऊ गेला. बबनदादा. आमच्या विहिरीचा गाळ उपसला तर एखादा झरा मोकळा होईल अशी त्याला आशा होती. तो उतरला आणि वरचा कोरडा काठ त्याच्या अंगावर ढासळला. लोकांनी बाहेर काढला तेव्हा त्याच्या केसांत, कानांत, पापण्यांत माती होती. ओसरीवर निजवलं. आई ओल्या फडक्याने ती माती पुसत होती आणि फडकं भिजवायला पाणी पुरत नव्हतं. त्याची बायको कौसावहिनी, विशीचीही नसेल, मांडीवर ठकीला घेऊन भिंतीला टेकून बसली होती. ठकी त्यांची मुलगी, नुकतीच पालथी पडायला लागलेली. घरात एवढी माणसं जमली म्हणून ती खुशीत हात हलवत होती.

आमच्याकडे एक रीत होती. माणूस जिथं निजवला त्या जागी, प्रेत उचललं की बायका दिवा लावतात, भोवती पीठ पसरतात आणि वरून बांबूची पाटी झाकून ठेवतात. पुरुष स्मशानातून आले की पाटी उचलायची आणि पिठात काय उमटलंय ते पाहायचं. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला त्याची खूण तिथं दिसते. पाखराचा पाय दिसला तर पाखरू, सापाची वळवळ दिसली तर साप, पाऊल दिसलं तर पुन्हा माणूस. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही आणि म्हाताऱ्या बायका काहीतरी बघून घेतात, बाकीच्यांना दिलासा मिळतो. आण्णा या रीतीला हसत. "जीव काय पिठात पाय बुडवून जातोय व्हय?" असं त्यांनी देवळातही एकदा म्हटलं होतं.

आम्ही कोरड्या नदीतून परत आलो. शेजारच्या गयाबाईंनी पाटी उचलली. मिलोचं तांबूस पीठ, मध्ये मंद दिवा, आणि दिव्याच्या अलीकडे दोन छोटे अर्धगोल शेजारी शेजारी. मध्ये फट. गयाबाई वाकल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "खूर हाय. वासराचं."

मी पुढे कितीतरी वेळा त्या खुणेचा विचार केला आहे. दिव्यातून तेलाचे दोन थेंब सांडले असतील, पाल फिरली असेल, पाटीचा काठ टेकला असेल. पण त्या क्षणी मलाही खूरच दिसलं, आणि खूर सोडून दुसरं काही दिसेना. आणि आमचे आण्णा, जन्मभर या रीतीला हसलेले आण्णा, गुडघ्यांवर बसले आणि पिठाकडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं, "वासराचंच हाय न्हवं? नीट बघा." माणसाचं मन कसं असतं, यावर पुढे मी जे जे वाचलं, त्यातलं काहीही मला या एका प्रश्नाएवढं खरं वाटलेलं नाही.

आमची तांबू नावाची गाय तेव्हा गाभण होती. बैल आधीच गुरांच्या छावणीत पोचले होते, आता तांबूला न्यायचं ठरलं होतं. दावणीला घालायला घरात वैरण नव्हती. दहावा झाला आणि आईने सांगितलं, "तांबू कुठं जायाची न्हाई."

"घालशील काय तिला?" आण्णा म्हणाले.

"तुमीच सांगितलंय देवळात. सातव्या म्हैन्यात गर्भात जीव येतो म्हून. तांबूला सातवाच लागला हुता तवा."

आण्णांनी ते सांगितलं होतं खरं. पोथीत असेल, म्हणून सांगितलं होतं. आपण बोललेली गोष्ट कोणी अशी अंगणात आणून उभी करील, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं. तांबू राहिली.

मग त्या घरात एक निराळाच उन्हाळा सुरू झाला. आई कामावरून येताना माळावरच्या हरळीच्या मुळ्या खणून पदरात आणी. लिंबाच्या झाडांचे शेंडे लोकांनी ओरबाडून नेले होते, त्यातूनही ती कुठून कुठून पाला मिळवी. आपल्या वाटची अर्धी भाकरी तांबूच्या तोंडात घाली. मी रागावलो तर म्हणे, "मला कुटं भूक लागती?" तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. संध्याकाळी ती गाईच्या पोटाला तळहात लावून उभी राही आणि एकदम तिचा चेहरा बदले. "हालला," ती म्हणे. आण्णाही देवळात जाता जाता तिथं थांबू लागले. एकदा त्यांनीही हात लावला. मीही लावला. खोटं कशाला सांगू, आतून खरंच काहीतरी ढुशी मारत होतं आणि मला फार बरं वाटलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

वहिनीने कधी हात लावला नाही. ती गोठ्यातलं शेण काढी, तांबूला पाणी दाखवी, आणि पोटाकडे न बघता निघून जाई.

पुढे मी हे सगळे सिद्धांत शिकवले. देह हा तुरुंग आहे म्हणणारे, देह हे वस्त्र आहे म्हणणारे, आत्मा वगैरे काही नसतो, नुसता अनुभवांचा गुंता असतो म्हणणारे. फळ्यावर खडूने त्यांची घरं आखून मी एकेकाला आपापल्या घरात बसवत असे. मुलं लिहून घेत. कधी कधी शिकवता शिकवता मला गोठ्याचा वास येई आणि मी वाक्य अर्धंच सोडी. मुलांना वाटे, सर विचारात पडले. विचार कसला डोंबलाचा, मला फक्त एवढंच वाटत असे की या सगळ्या थोर माणसांना एकेक दिवस आमच्या ओसरीवर आणून बसवावं आणि म्हणावं, आता बोला.

कारण पुढे जे झालं त्यात प्रश्न सिद्धांताचा नव्हता, दुधाचा होता.

तांबू व्याली. गोऱ्हा झाला. काळसर तांबडा, पाय काटकुळे, कपाळावर मधोमध पांढरा ठिपका. दादाला लहानपणी विळा लागला होता त्याची खूण तिथंच होती, असं आई म्हणाली. दादाची खूण डाव्या भुवईवर होती, पण तिला कोणी दुरुस्त केलं नाही. तिने त्याला "बबन" म्हणून हाक मारली. गोऱ्ह्याने कान हलवले आणि आई ढसाढसा रडली.

ठकी तोवर रांगायच्या वयाला आली होती, पण रांगत नव्हती. वहिनीचं दूध आटलं होतं. उन्हात घमेली वाहून, कोंड्यासारखी भाकरी खाऊन आणि आतल्या आत झुरून कोणत्या बाईला दूध राहील? पोरीला मिलोची पेज पाजत. ती अर्धी तोंडातून बाहेर येई. पोट पुढे आणि हातपाय काड्यांसारखे. आता गाय व्याली म्हणजे पोरीला दूध मिळणार, असं मी आपलं साधं गणित केलं होतं.

आमच्याकडे गाईची धार काढताना तीन सड घरासाठी काढतात आणि एक वासराला राखतात. आईने ते उलटं केलं. आधी तर ती काढतच नव्हती. वासराला मोकळं सोडी आणि ते लुचत असताना त्याच्या पाठीवरून हात फिरवी. वहिनी दाराशी वाटी घेऊन उभी असे. आईला ती दिसत नसे असं नाही. मग एका सकाळी आई म्हणाली, "एक सड काढ तिच्यापुरता." आणि वहिनीने एक सड पिळला. उपाशी गाईचा एक सड, त्यात किती येणार? वाटीचा तळ कसाबसा ओला झाला.

वहिनी वाटी घेऊन तशीच ओसरीवर आली. आण्णा पोथी बासनात गुंडाळत होते. सासऱ्याशी ती कधी समोरून बोललेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी डोक्यावरचा पदर तसाच घसरू देऊन ती म्हणाली, "मामा, म्या अडानी हाय. मला सांगा. लेकाला दूध हवं आन् त्येच्या लेकीला नगं, आसं कुठं लिव्हलंय?"

आण्णा वर बघेनात. म्हणाले, "कौसा, जीव दोघांत एकच हाय गं. त्यो काय न् ही काय."

"एकच हाय?"

"एकच."

"मग एकाला पाजल्यावर दुसऱ्याचं प्वाट का भरत न्हाई?"

मी आयुष्यात पुष्कळ परिसंवाद ऐकले. एवढा नेमका आक्षेप घेतलेला पुन्हा ऐकला नाही. पण त्याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं नाही नि आजही वाटत नाही. तिला वाद जिंकायचा नव्हता. तिला दूध हवं होतं. आण्णांच्या हातातलं बासन तसंच राहिलं. आई गोठ्यातून ऐकत होती. ती तिथूनच ओरडली, "तुला काय ठावं लेकरू जान्याचं दुःख!" आणि वहिनी शांतपणे म्हणाली, "ठावं व्हईलच आता."

त्या संध्याकाळपासून आण्णा देवळात नुसतं वाचत. अर्थ सांगायचे बंद झाले. लोकांनी विचारलं तर म्हणत, "घसा बसलाय."

आई दुष्ट होती असं वाचणाऱ्याला वाटेल म्हणून मी हे लिहायला घाबरतो. ती दुष्ट नव्हती. ठकी जन्मली तेव्हा गावभर साखर वाटायला निघालेली तीच होती. दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसणारी बाई. तिच्यापुढे मेलेला मुलगा चार पायांवर उभा राहिला होता, तो भुकेला होता, आणि तो तिच्या हातात होता. कथा-कादंबऱ्यांत माणसं दुःखाने शहाणी होतात, मोठी होतात. मी ते वाचतो आणि पुस्तक मिटतो. आमच्या घरात दुःखाने कोणी शहाणं झालं नाही. जो तो आणखी चिवट झाला, आपापल्या दाव्याला हिसके देत राहिला.

वासरू जगलं नाही. गाईच्याच अंगात काही नव्हतं, तिचं दूध पिऊन ते कितीसं धरणार? चैत्र संपता संपता एका दुपारी ते बसलं ते उठलंच नाही. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसत राहिली. मी तो हात ओळखत होतो, दादाची माती पुसणारा. उन्हं कलली तेव्हा वासराची मान जड झाली. तांबू दावं ताणून हंबरत होती. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "दोनदा गेला."

संध्याकाळी वहिनी धारेला बसली. तांबूने पान्हा चोरला. दुसऱ्या सकाळीही तेच. वासरू समोर नाही तर गाय दूध सोडत नाही, हे खेड्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. चारही सडांत मिळून थेंब येईना. ठकीचं रडणंही आता बारीक झालं होतं, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये एवढं.

मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईसमोर उभं करतात, म्हणजे ती पान्हा सोडते. हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते बोलायचं कोणी? आण्णा खांबाला टेकून बसले होते. वहिनी ठकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. वासरू गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. त्याला रीतसर मूठमाती द्यायची असं आईने सांगून ठेवलं होतं. त्या वर्षी कातडी गोळा करणारा एकजण गावोगाव सायकलवर हिंडे. त्याचा धंदा तेवढा जोरात होता. त्याची घंटी रस्त्यावर वाजली तेव्हा आईच उठली, दाराबाहेर गेली आणि त्याला आत घेऊन आली.

"सोला त्याला," ती म्हणाली. "कातडं हितंच ठिवा."

ती तिथंच उभी राहिली. हलली नाही. मी मात्र मागच्या दाराने माळावर गेलो आणि सगळं उरकेपर्यंत तिकडेच बसलो.

भरायला पेंढा कुठला? ज्याच्याकडे पेंढा होता त्याच्या जनावरांनी तो कधीच खाल्ला होता. आण्णांनी गोठ्याच्या छपरावर चढून जुनं, काळं पडलेलं पाचट उपसून काढलं. ते दोघांनी मिळून भरलं, आण्णांनी आणि आईने. आई दाभणाने शिवत होती. पाय नीट उभे राहिनात म्हणून आत काठ्या घातल्या. डोळ्यांच्या जागी भोकं राहिली. मग आईने कातड्यावर मीठ चोळलं आणि ते तांबूसमोर ठेवलं.

तांबूने हुंगलं. फुरफुरली. पुन्हा हुंगलं आणि मग चाटू लागली. मानेपासून शेपटाकडे, शेपटाकडून मानेकडे. चाटता चाटता तिच्या मागच्या पायांत एक शहारा आला आणि सड फुगले. वहिनी खाली बसली. चरवीत धार वाजली. एवढ्या उन्हाळ्यात कानाला गोड लागलेला तो एकच आवाज.

आमचा एक प्राध्यापक आम्हाला एका युरोपातल्या पंडिताचं मत सांगत असे की जनावराला आत्मा नसतो. ते घड्याळासारखं आहे, किल्ली दिली की चालतं. तांबूकडे पाहून मला ते पटलं. मिठाची चव, कातड्याचा वास, जिभेला केस लागले, झालं, पान्हा सुटला. यंत्रच की. पण मग तिच्या डोळ्यांतून पाणी का गळत होतं, आणि त्या बिनडोळ्यांच्या गोळ्याला ती मान वाकडी करून स्वतःच्या अंगाजवळ का ओढत होती, याचं उत्तर त्या पंडिताकडे असेल असं मला वाटलं नाही. आण्णांच्या पोथीतही नसावं. कारण ते माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते.

चारही सडांचं दूध आता ठकीला मिळू लागलं. आई एक थेंब इकडेतिकडे होऊ देत नसे. स्वतः कोमट करून, फडक्याने गाळून, बोंडल्याने पाजू लागली. वहिनी बाजूला बसून बघे. पण पोरीच्या पोटाला दूध सोसेना. प्यायलेलं ठरत नव्हतं. फार दिवस त्या आतड्यांनी कशाची ओळखच ठेवली नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं व्हरांड्यात अशी कितीतरी लेकरं होती. परत आणली. वैशाखाच्या भर उन्हात, आईच्या मांडीवर, बोंडलं तोंडाशी असताना ठकी गेली.

एवढ्याशा जिवाला पुरतात. त्याचा दिवा नाही, दहावा नाही, पीठ पसरत नाहीत. एवढं लहान काय कुठं जातं, ते कोणी बघत नाही.

काही दिवसांनी वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. तिची एक पिशवी. आण्णांच्या पाया पडली. आई चुलीपुढे बसली होती, तिच्याही पाया पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो काढेना. अंगणात उतरल्यावर वहिनी वळून म्हणाली, "आत्याबाई, तांबूला पानी पाजा. म्या सकाळधरनं पाजलं न्हाई." मग ती भावामागे रस्त्याला लागली. पुन्हा आमच्या घरी आली नाही.

आत्म्याच्या अमरत्वाबद्दल मला विचाराल तर आता मला त्याची भीतीच वाटते. संपलेलं संपू दिलं असतं, तर वाटीचा तळ जरा आधी भरला असता. आमच्या घरात मरण दादाचं एकच व्हायचं होतं. ते कोणाला पुरेसं वाटलं नाही. कोणाला तरी तो परत हवा होता, आणि परत हवा असणं हाच जर आत्मा असेल, तर तो अमर आहे खरा, आणि त्याला दयामाया नाही.

ज्येष्ठ लागला होता. आभाळात ढग येत नि जात, त्यांच्याकडे वर बघायचंही कोणी मनावर घेत नव्हतं. त्या सकाळी आण्णा आणि मी कामावर निघालो होतो. आई तांबूच्या धारेला बसली होती. सवयीने. पाचट भरलेलं ते वासरू समोर तसंच उभं, एका बाजूची शिवण उसवलेली, आतून काळ्या काड्या बाहेर आलेल्या. तांबू त्याच बाजूने चाटत होती. काड्या जिभेला लागल्या की थांबे, आणि पुन्हा चाटे. चरवी भरत आली होती.

"आवं," आई मान वर न करता म्हणाली, "हिला कळत न्हाई का, ह्यो पाला हाय म्हून?"

आण्णा थांबले. "कळत आसंल," ते म्हणाले.

"मग पान्हा का सोडती?"

याचं उत्तर मला पुढे कधी सापडलं नाही, आणि असले प्रश्न शिकवूनच मी पोट भरलं. आईने शेवटची धार पिळली, हात लुगड्याला पुसले आणि गुडघ्यावर जोर देऊन उठली.

"मलाबी कळत हुतं," ती म्हणाली, आणि चरवी उचलून आत गेली. घरात दूध पिण्याच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं.